सात आठवडे, तीन ओळी

‘रेस कंडिशन’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, दादा घोड्यांच्या नादाला लागला! पुण्यात वाढलेल्या मुलीला रेस म्हटल्यावर कॅम्पातला रेसकोर्सच आठवणार ना? त्यातून तो फोनवर कुणाला तरी तावातावाने सांगत होता, “रेसच आहे रे, शंभर टक्के! फक्त पकडता येत नाहीये.” मी वहिनीकडे बघितलं. तिने नुसता हात हलवला. “महिना झाला, हेच चाललंय.”

तर घोडे नव्हते, पैसेही नव्हते. प्रकरण सॉफ्टवेअरचं होतं. पान उलटू नका, थांबा जरा. मी मासकॉमवाली आहे, बारावीनंतर गणिताचं तोंडही पाहिलेलं नाही. मला कळलं म्हणजे तुम्हाला कळेलच.

समजा, सकाळी तुम्ही नळ सोडून बघता. पाणी आहे. अंगाला साबण लावता. तेवढ्यात खाली वॉचमनकाका व्हॉल्व्ह बंद करतात. आता बसा डोळे चोळत! यात तुमचं काय चुकलं? तुम्ही तर तपासलं होतंत. काकांचं तरी काय चुकलं? त्यांची वेळ झाली, त्यांनी व्हॉल्व्ह फिरवला. घोळ झाला तो तुमच्या ‘बघण्या’च्या आणि ‘वापरण्या’च्या मधल्या फटीत. तीनशे दिवस आंघोळी बिनबोभाट होतील आणि एका दिवशी नेमकं काका त्या फटीत शिरतील. कॉम्प्युटरमध्ये ही फट सेकंदाच्या काही लाखाव्या भागाएवढी असते आणि काका दुसऱ्या कोअरवर बसलेले असतात. एकाच वस्तूला दोघं हात घालतात आणि आधी कोण पोचलं त्यावर निकाल ठरतो. म्हणून ही रेस.

दादाची कंपनी नेटवर्कचे डबे बनवते. ऑफिसचं आतलं नेटवर्क आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामध्ये बसतो ना, तो डबा. आत लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आणि त्याला जोडलेलं कंपनीने स्वतः लिहिलेलं एक मॉड्यूल. एका ग्राहकाकडचा डबा दर नऊ ते बारा दिवसांनी अचानक मान टाकायचा. दोन मिनिटांत स्वतःच उठून उभा राहायचा आणि जसं काही झालंच नाही अशा थाटात कामाला लागायचा. लॅबमध्ये तसाच डबा, तसंच ट्रॅफिक, पण काही नाही! मग तिकिटावर शेरा आला, ‘कॅनॉट रिप्रोड्यूस’. आयटीतली ही सगळ्यात सभ्य शिवी असावी. तुम्ही खोटं बोलताय असं म्हणायचं नसलं की हे म्हणतात.

यात मी कुठून आले? अप्रेझलमधून. सहामाहीचा फॉर्म भरायचा होता, स्वतःच्या कामाबद्दल १५०० अक्षरांत लिहायचं होतं. आमच्या दादासाहेबांनी लिहिलं, ‘फिक्स्ड अ रेस इन टायमर कोड’. बस्स. वहिनीने लॅपटॉप उचलला आणि माझ्यासमोर आणून ठेवला. “तू पत्रकार ना? मग हे नीट लिही.” ती थट्टा करत नव्हती. फ्लॅटचा हप्ता आहे, ऑक्टोबरमध्ये बाळ येणार आहे आणि आधीच्या फॉर्मवर साहेबांचा शेरा होता, ‘इम्पॅक्ट दिसत नाही’. त्याच सहामाहीत शेजारच्या टेबलवरच्या मुलाने रंगीबेरंगी आलेखांचा डॅशबोर्ड बनवला होता. तो सगळ्यांना दिसला. डबा ज्या दिवशी पडला नाही तो दिवस कोणाला, कसा दाखवायचा?

मग मी दादाची रीतसर मुलाखत घेतली. चार संध्याकाळी, मानधन एक मिसळ.

पहिला प्रश्न साधा होता. हे नेटवर्किंगमध्येच इतकं का होतं? दादाने कागदावर एक गोल काढला. हे एक कनेक्शन. त्याच्याकडे चार बाण काढले. बाहेरून पॅकेट कधीही येतं, कुणाला विचारून येत नाही. वर चालणारा प्रोग्राम मनात येईल तेव्हा कनेक्शन बंद करतो. उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवा म्हणून सांगणारा टायमर आपल्या वेळेला वाजतो. आणि रस्ताच बदलतो. तुम्ही वायफायवरून उठून मोबाइल डेटावर गेलात की झालं. ही चारही कामं चार वेगळ्या कोअर्सवर एकाच क्षणी चालू असू शकतात. लग्नघरात दागिन्यांच्या एकाच कपाटाच्या चार किल्ल्या चार मावश्यांकडे असाव्यात, तसलं हे.

यावर उपाय म्हणजे कडी. कोडच्या भाषेत लॉक. आत एक जण असेल तर बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. १९९६ साली लिनक्सला एकापेक्षा जास्त प्रोसेसर वापरता यायला लागले तेव्हा अख्ख्या कर्नलला एकच मोठी कडी होती, तिचं नावच बिग कर्नल लॉक. “अख्ख्या वाड्याला एक संडास,” दादा म्हणाला. सुरक्षित, पण सकाळी रांग! मग हळूहळू प्रत्येक खोलीला स्वतःची कडी आली आणि ती जुनी कडी २०११ साली पूर्णपणे निघाली. वेग वाढला. पण कड्या वाढल्या तसं कुठली कधी लावायची हे लिहिणाऱ्याच्या डोक्यावर आलं. आणि लिहिणारे हजारो, जगभर पसरलेले.

आता त्या सात आठवड्यांबद्दल. ग्राहकाच्या हातापाया पडून दादाने त्या डब्यात मेमरीच्या तपासण्या चालू केल्या. त्या चालू असल्या की वापरून परत केलेल्या जागेत कर्नल मुद्दाम एक खूण भरून ठेवतो: 6बी, 6बी, 6बी... अकराव्या दिवशी डबा पडला आणि पडताना साठवलेल्या मेमरीत, जिथे कनेक्शनची माहिती हवी होती, तिथे ओळीने 6बी 6बी 6बी. म्हणजे जी जागा परत केली होती तीच कुणीतरी वापरत होतं. कोण, ते कळेना.

मग नेहमीचा उपाय. संशय येईल तिथे लॉग छापायचा. आणि लॉग टाकल्याबरोबर डबा पडायचाच बंद झाला! गाडी मेकॅनिककडे नेली की आवाज येत नाही ना, अगदी तस्संच. कारण साधं आहे, लॉग छापायला वेळ लागतो आणि तेवढ्याने दोघांच्या येण्याजाण्याचं टायमिंग बदलतं. यावर वरून जो निरोप आला तो मी दोनदा विचारून खात्री करून घेतला. “लॉग टाकल्यावर थांबतंय ना? मग लॉग ठेवा की!”

हसू नका. तिकीट त्याच दिवशी बंद झालं असतं. फॉर्मवर ‘इश्यू रिझॉल्व्ह्ड’ असं झोकात लिहिता आलं असतं. दादाने नाही म्हटलं. त्याचं म्हणणं एवढंच की फट तिथेच आहे, आपण फक्त तिच्यासमोर खुर्ची ठेवलीय. उद्या डब्यात नवा प्रोसेसर आला की खुर्ची सरकेल. या ‘नाही’साठी त्याला आणखी तीन आठवडे मागून घ्यावे लागले आणि घरी येणारा दादा, खरं सांगायचं तर, जरा असह्य होता. आमटीत मीठ नाही हे त्याला कळत नव्हतं.

त्या तीन आठवड्यांत त्याने मॉड्यूलचा सगळा कोड कागदावर छापला आणि पेन्सिल घेऊन वाचला. २५ वर्षांपूर्वीसारखा! प्रत्येक ओळीपाशी प्रश्न एकच होता, या आणि पुढच्या ओळीच्या मध्ये कोण येऊ शकतं? ते कागद मी पाहिले. समासात सगळीकडे ‘कोण?’ ‘कोण?’ ‘कोणी नाही’ ‘कोण?’ असं बारीक अक्षरात. भुताटकीच्या घरातली वही वाटावी अशी.

सापडलं ते असं. कनेक्शन बंद करताना टायमर काढून टाकायचा असतो. त्यासाठी कोडमध्ये ‘डेल_टायमर’ होतं. ते टायमर वाजायचा असेल तर काढतं. पण तो नुकताच वाजला असेल आणि त्याचं काम दुसऱ्या कोअरवर चालू असेल, तर त्या कामासाठी ते थांबत नाही. गजर तुम्ही बंद केलात, पण गजर ऐकून निघालेला माणूस आधीच जिन्यात आहे. तो वर पोचेपर्यंत तुम्ही खोली पाडून मोकळे!

नुसतं सापडून भागत नाही, सिद्ध करावं लागतं. दादाने उलटी युक्ती केली. लॉगने फट झाकली जात होती ना, मग ती मुद्दाम रुंद करायची. टायमरच्या कामात त्याने ५० मिलिसेकंदांचा थांबा घातला, जिन्यातल्या माणसाला मधल्या पायरीवर बसवलं. जो डबा लॅबमध्ये कधीच पडला नव्हता तो सहा मिनिटांत पडला. मशीन कोसळल्यावर टाळी वाजवणारी ही एकच जमात असेल.

दुरुस्ती तरी सोपी? ‘डेल_टायमर_सिंक’ नावाचा प्रकार आहे, तो चालू काम संपेपर्यंत थांबतो. म्हणजे एक शब्द बदलायचा. पण इथे सापळा होता. बंद करणारा कोड हातात कडी धरून बसलेला आणि टायमरच्या कामाला तीच कडी हवी. हा त्याच्यासाठी थांबणार, तो याच्यासाठी. डबा पडणार नाही, कायमचा गोठेल. म्हणून आधी कडी धरूनच ‘बंद करतोय’ असा झेंडा लावायचा, मग कडी सोडायची आणि मग टायमरची वाट बघायची. दुसऱ्या कुणी मध्येच टायमर पुन्हा लावू नये म्हणून लावणाऱ्याने आधी झेंडा बघायचा. झाल्या तीन ओळी. (ताज्या कर्नलमध्ये ही नावं बदलली आहेत आणि २०२३ पासून ‘टायमर_शटडाउन_सिंक’ हे कडक औषधही मिळतं, त्यानंतर तो टायमर पुन्हा लावताच येत नाही. दादाच्या डब्यात जुना कर्नल होता.)

आता माझा धंदाच शंका घेण्याचा. भाऊ झाला म्हणून काय झालं! सात आठवड्यांत तीन ओळी, हे दादाच्या संथपणाचं कौतुक तर होत नाही ना? म्हणून मी जगात बाकीच्यांचं काय होतं ते शोधलं आणि अलेक्झांडर पोपोव्ह या रशियन संशोधकाची गोष्ट सापडली.

व्हर्च्युअल मशीन आणि ती ज्या कॉम्प्युटरवर चालते तो कॉम्प्युटर यांना आपसात बोलायला लिनक्समध्ये ‘व्हीसॉक’ नावाची सोय आहे. जानेवारी २०२१ मध्ये पोपोव्हच्या फझरला, म्हणजे कर्नलवर रात्रंदिवस वेड्यावाकड्या मागण्यांचा मारा करणाऱ्या प्रोग्रामला, तिथे एक संशयास्पद क्रॅश दिसला. एकदाच. पुन्हा घडवून आणायला गेला तर घडेना! म्हणजे तेच, कॅनॉट रिप्रोड्यूस. पोपोव्हनेही मग तेच केलं, बसून कोड वाचला. काही दिवसांनी दोन ओळी दिसल्या. पहिलीत कोड एक पत्ता स्वतःच्या वहीत उतरवून घेत होता आणि दुसरीत कडी लावत होता. आधी उतरवणं, मग कडी! मधल्या फटीत दुसरा कोणी तो पत्ता बदलू शकत होता आणि हा मात्र वहीतल्या जुन्या पत्त्यावर काम करत राहणार. हाच प्रकार त्या एका फाइलमध्ये पाच ठिकाणी. नोव्हेंबर २०१९ मध्ये नवी सोय घालताना तो आत आला होता आणि सव्वा वर्ष कुणालाच खटकला नव्हता. दुरुस्ती? ती ओळ उचलून कडीच्या खाली ठेवायची. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती कर्नलमध्ये गेली. चिल्लर वाटतंय ना? त्याच फटीतून मेमरीत चुकीच्या जागी फक्त चार बाइट लिहिता येत होते आणि तेवढ्यावर मशीनचा पूर्ण ताबा मिळवता येतो हे पोपोव्हने फेडोरा ३३ वर करून दाखवलं.

हे वाचल्यावर दादाकडे बघण्याची माझी नजर जरा बदलली. मिसळ मी दिली.

तुमच्या खिशातलंही एक उदाहरण आहे. फोनमधलं प्रत्येक कनेक्शन आपला रस्ता लक्षात ठेवतं, दर वेळी नव्याने शोधायला नको म्हणून. रस्ता खराब निघाला की तो सोडून द्यायचा. नियम असा, की आधी आपल्याकडची नोंद पुसायची आणि मग रस्ता सोडायचा. बिल्डिंग पाडायच्या आधी गेटवरची पाटी काढतात ना, म्हणजे कुरिअरवाला ढिगाऱ्यात जाणार नाही, तसं. लिनक्सच्या कोडमध्ये हा क्रम उलटा पडला होता. गूगलच्या क्लेमाँ लेसिन्यने तो ओळखला, एरिक डुमाझेने मे २०२४ मध्ये दुरुस्त केला आणि ऑगस्ट २०२४ च्या अँड्रॉइडच्या सुरक्षा पत्रकात गूगलने सांगितलं की मोजक्या लोकांवर नेम धरून या फटीचा वापर होत असल्याची चिन्हं आहेत. तेव्हा ‘नंतर आठवण करा’ हे बटण दाबण्याआधी अपडेटच्या निरोपात काय काय असू शकतं याची ही एक झलक.

आईला सांगलीला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, “एवढ्याशा फटीने असं काय होणारे?” मी तिला १४ ऑगस्ट २००३ सांगितला. अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा काही भाग अंधारात गेला, सुमारे पाच कोटी माणसं! कारणं बरीच होती, अगदी तारांना टेकणारी झाडंसुद्धा. पण ओहायोतल्या एका वीज कंपनीच्या कंट्रोल रूममधली अलार्म यंत्रणा त्या दुपारी गप्प झाली होती आणि तासाभराहून जास्त वेळ तिथल्या माणसांना पत्ताच नव्हता. अलार्म नाही म्हणजे सगळं ठीक, असं ते समजत होते. अलार्म गप्प करणारी होती एक रेस. ती कोडमध्ये शोधायला नंतर कित्येक आठवडे लागले. आई क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, “मग त्याला म्हणावं जेवत जा वेळेवर.”

हे सगळं पेन्सिलनेच शोधायचं का? तसं नाही. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ‘डेटाकोलायडर’ बनवलं. मेमरीतली एखादी जागा अधूनमधून निवडायची, तिथे काम करणाऱ्याला मुद्दाम क्षणभर थांबवायचं आणि तेवढ्यात दुसरा कोणी तिथे हात घालतो का ते बघायचं. म्हणजे दादाची जिन्यातली युक्तीच, फक्त आपोआप आणि सगळीकडे. तीच कल्पना २०२० मध्ये ‘केसीसॅन’ या नावाने लिनक्सच्या कर्नलमध्ये आली. दादाच्या जुन्या कर्नलमध्ये ते नव्हतं. आणि असतं तरी, तो म्हणतो, ते फक्त दोघं एका जागी भेटले एवढंच सांगतं. भेटणं चालेल की नाही, हे कुणीतरी बसून ठरवायचंच.

तर मी फॉर्म लिहिला. १४८७ अक्षरं. लॉग ठेवून तिकीट बंद करण्याचा पर्याय होता आणि तो का नाकारला, हे पहिल्याच वाक्यात टाकलं, इन्ट्रो कशी असावी हे तर आम्हाला कॉलेजात शिकवलंय. फॉर्म परत आला, ‘आकड्यांत सांगा’ म्हणून. आम्ही बसून हिशोब केला. दहा दिवसांतून दोन मिनिटं, म्हणजे वर्षाला जेमतेम सव्वा तास. वहिनीचा चेहरा पडला. सात आठवड्यांचा पगार देऊन सव्वा तास वाचवला असं कोण लिहिणार? शेवटी दादाने सेल्सच्या लोकांना विचारून तेच मॉड्यूल किती ग्राहकांकडे गेलंय तो आकडा आणला. तो इथे सांगता येत नाही, पण चांगला तीन अंकी होता आणि त्यात दोन इस्पितळं होती. ते लिहिलं.

रेटिंग एक पायरी वर गेलं. डॅशबोर्डवाल्याचं दोन. वहिनीने तरी श्रीखंड आणलं.

गेल्या आठवड्यात गेले तर दादा पुन्हा कागद पसरून बसलेला. कंपनीच्या दुसऱ्याच एका मॉड्यूलमध्ये त्याला दोन ठिकाणी तसाच टायमर सापडलाय. तिथे अजून एकही डबा पडलेला नाही, कुणाची तक्रार नाही, तिकीट नाही. तो दुरुस्त करायला वेळ मागणारी मेल तो लिहीत होता.

“ए,” मान वर न करता त्याने विचारलं, “‘आज ना उद्या’ला इंग्रजीत जरा वजनदार काय म्हणता येईल गं?”